पहिलं की दुसरं

सिग्नल लाल होता आणि खारू चष्मा पुसत होती. शाळेच्या फ्रॉकच्या टोकाने, मान खाली घालून, जीभ दातांत धरून, कुठलंही काम करताना करते तशीच. पुसून झाल्यावर तिने काचा उजेडाकडे धरल्या आणि त्यांच्या वरून रस्त्यापलीकडे बघत सहज म्हणाली, "आई, त्या घरात मांजर सापडलंय." "कुठल्या घरात?" "अगं, ते बघ ना. वरच्या मजल्यावर, हिरव्या पडद्याच्या खिडकीत कागद लावलाय. 'मांजर सापडले आहे. एक कान पांढरा. घंटा वाजवा.'" आईने वर पाहिलं. तिचा स्वतःचा चष्मा नाकावर नीट बसलेला होता आणि तरीही तिला हिरवा पडदा दिसला, पांढरा कागद दिसला, त्यावर काहीतरी लिहिलेलं आहे इतपत दिसलं. मांजर नाही, कान नाही. खारूला पावणेदोनचा नंबर होता, दोन्ही डोळ्यांना. तो आईनेच काढलेला होता. पावणेदोनचा नंबर असलेल्या मुलीला चष्म्याशिवाय एवढ्या लांबून ती खिडकी उघडी आहे की बंद, हे सांगता आलं तरी खूप झालं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या माणसाने पिशवीचा कोपरा तिच्या पाठीत टोचला, आणि खारूने हसत हसत तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काय दिसलं कोण जाणे, तिचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने घाईघाईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आईचा हात धरून रस्ता ओलांडायला लागली.

दिवसभर आईने लोकांचे डोळे तपासले. तिचं काम तेच, मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता, आणि मध्ये ती, हातात भिंगांची पेटी घेऊन. माणूस खुर्चीत बसला की त्याच्या नाकावर ती जडशीळ गोल फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं, आणि विचारायचं, "आता पहिलं बरं की दुसरं? किंवा दोन्ही सारखंच वाटलं तर तसं सांगा." हे वाक्य ती इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलली होती, की झोपेत बोलते असं नवरा म्हणायचा. तोही कमी नव्हता. तो इमारती तपासायचा, जुन्या भिंतींच्या भेगा बघत हिंडायचा. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवायची, भेग वाढली तर काच तडकते, अशी त्यांच्या कामातली रीत होती, आणि अशी एक पट्टी त्याने घरच्या न्हाणीघरातही लावली होती. एका घरात दोन तपासनीस, मग संसाराचं व्हायचं तेच झालं. ती पट्टी अजून शाबूत आहे. तो घर सोडून गेला त्याला वर्ष होऊन गेलं, पण दात घासताना रोज ती पट्टीकडे बघते आणि रोज तिला त्या काचेचा राग येतो.

समोरच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ एकेक अक्षर अडखळत वाचत होते आणि ती मनात सबबी जमा करत होती. खारूने डोळे बारीक केले असतील. तो कागद तिने आधी कधीतरी जवळून पाहिला असेल. बाबाने सांगितलं असेल, तो त्या रस्त्याने जातो. पण बारीक केलेले डोळे तिला ओळखता येत होते, त्यावरच तिचं पोट होतं. खारूचे डोळे सताड उघडे होते. गृहस्थ म्हणाले, "बाई, काही दिसत नाही मला. भिंग घालायचं राहिलं का?" ते खरोखरच राहिलं होतं.

संध्याकाळी वकीलबाईंकडे जायचं होतं. त्यांची खोली कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर होती, त्यामुळे तिथे कायम गरम वाफेचा वास असायचा आणि आपण कुणाच्या तरी कोटाच्या बाहीत बसलोय असं वाटायचं. वकीलबाई टेबलाखाली चपला काढून बसायच्या आणि बोलता बोलता पायाने त्या चाचपायच्या. पहिल्यांदा ती त्यांच्याकडे गेली तेव्हा तिने लग्नाची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली होती. वकीलबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग हात वर केला. "हे बघा, आयुष्य सांगू नका मला. प्रसंग सांगा. कोर्टाला प्रसंग लागतात." ती प्रसंग शोधायला लागली आणि घाबरली, कारण तिला एकही सापडेना. त्याने हात उगारला नव्हता. तो पीत नव्हता. दुसरी कुणी बाई नव्हती. एका घरात राहून दोन माणसं हळूहळू एकमेकांचे आवाज ऐकेनाशी झाली होती. जेवताना तो पेपर वाचायचा, ती भिंतीकडे बघायची, आणि खारू दोघांना आळीपाळीने पाणी वाढायची. पाणी वाढण्याचा काय प्रसंग होणार? "दार जोरात लावतो," असं ती शेवटी म्हणाली, आणि वकीलबाईंनी तेसुद्धा लिहून घेतलं. घटस्फोटाला तो तयारच होता, पोटगीला आणि मुलीच्या खर्चालाही त्याची ना नव्हती. अडलं होतं ते खारूवर. खारू दोघांनाही हवी होती. निकाल लागेपर्यंत शनिवार-रविवार बाबाकडे आणि बाकी आईकडे, अशी तात्पुरती व्यवस्था कोर्टाने लावून दिली होती.

मग एकदा बोलता बोलता ती चष्म्याचं सांगून गेली. खारू बाबाकडून परत येते तेव्हा चष्मा डबीत असतो. दोन दिवस घातलेला नसतो. आणि हल्ली पोरीचं डोकं दुखतं, संध्याकाळी कपाळ दाबत बसते. वकीलबाईंच्या पायाला चप्पल सापडली. "हा प्रसंग," त्या म्हणाल्या. "बाई, हे आधी का नाही सांगितलंत? आई स्वतः डोळे तपासते, मुलीला नंबर आहे, बाप चष्मा घालू देत नाही, मुलीचं डोकं दुखतं. मूल सांभाळायची अक्कलच नाही बापाला. यावर सगळं उभं राहतं." आणि उभं राहिलंच. अर्जातला अकरावा परिच्छेद. तो तिने शपथेवर लिहून दिला होता. खाली सही करताना तिला काहीच वाटलं नव्हतं, उलट जरा ताठ झाली होती ती. बाकीच्या परिच्छेदांबद्दल तिच्या मनात शंका होत्या. या एकाबद्दल नव्हती, कारण ते तिच्या कामातलं होतं.

आज वकीलबाई खुशीत होत्या. समोरच्या बाजूचं लेखी उत्तर आलं होतं. "तुमचे यजमान भारीच आहेत हो! एकेक ओळ नाकारलीय. पेपर वाचतो हे नाकारलंय, म्हणतात फक्त मथळे बघतो. दार जोरात लावतो हे नाकारलंय, तर बिजागरीवर अर्धं पान लिहिलंय. आणि अकराव्या परिच्छेदावर? एक शब्द नाही. गप्प. नाकारलं नाही म्हणजे मान्य केलं, कायद्यात सरळ तसंच धरतात." त्या वाफेच्या वासात तिला एकदम गार वाटलं. जो माणूस स्वयंपाकघरात मीठ कुठल्या कप्प्यात असावं यावरून रविवार घालवू शकतो, तो स्वतःवरच्या सगळ्यात मोठ्या आरोपावर गप्प बसला? लाज वाटली म्हणून? त्याला लाज वाटत नाही असं नाही, पण लाज वाटली की तो जास्त बोलतो. "पुढच्या तारखेला जज्जसाहेब मुलीला आत बोलावणार," वकीलबाई सांगत होत्या. "एकटीला. तुम्ही दोघंही बाहेर. विचारतील, कुणाकडे राहायचंय. तिला जरा तयार करून आणा." "तयार म्हणजे?" "म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय. पढवा असं मी म्हणणार नाही. पण तुमचं तोंड बघून तिला कळू दे तुम्हाला काय हवंय. पोरं हुशार असतात."

जिना उतरताना तिला खारूचे डोळे पहिल्यांदा तपासले ती वेळ आठवली, आणि आठवली ती वासासकट, अंधारासकट. नवरा जाऊन थोडेच दिवस झाले होते. शाळेतल्या बाईंचा निरोप आला होता की मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, उतरवून घेताना शेजारणीच्या वहीत बघते. खरं तर तिने खारूला डॉक्टरांपुढे बसवायला हवं होतं. घरच्या माणसांचे डोळे आपण तपासायचे नाहीत, हे मोठे डॉक्टर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. आणि लहान मुलांना तर बाहुली मोठी करणारे थेंब घातल्याशिवाय नंबर द्यायचाच नाही, कारण मुलांचे डोळे लवचिक असतात, ते चुकीच्या भिंगाशीही जमवून घेतात. हे सगळं ती स्वतः इतरांना शिकवायची. पण त्या दिवसांत तिला वाटत होतं, एवढं सगळं हातातून सुटलंय, निदान पोरीचे डोळे तरी दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. दवाखाना रिकामा झाल्यावर तिने खारूला त्या मोठ्या खुर्चीत बसवलं, पाय लोंबकळत होते, आणि दिवा मालवला. फोन बाहेर टेबलावर राहिला होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती कुणाशी भांडत नव्हती, भांडणाची तयारी करत नव्हती, कुणाला उत्तर लिहीत नव्हती. फ्रेम बसवताना तिचा चेहरा खारूच्या चेहऱ्याच्या इतका जवळ आला, की पोरीच्या तोंडाला येणारा पेन्सिलीच्या लाकडाचा वास तिला आला. खारूला पेन्सिली कुरतडायची सवय. लहानपणी बिस्किट दोन्ही हातांत धरून कुरतडायची म्हणून नवऱ्याने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली होती, त्याचं खारू झालं. कोर्टाच्या कागदांवर ते नाव कुठेच नाही, त्यामुळे त्याची वाटणीही झाली नाही.

"पहिलं की दुसरं?" "दुसरं." "आता?" "आता पण दुसरं." खालचं अक्षर दिसायला लागलं की खारूच्या गालांवर रंग चढायचा. "बरोबर सांगितलं ना?" असं ती दर वेळी विचारायची, आणि आई हसून म्हणायची, "अगदी बरोबर." आधी पाऊणचा नंबर निघाला. काही महिन्यांनी खारूच म्हणाली, पुन्हा अंधुक दिसतंय. पुन्हा ती खोली, पुन्हा ती खुर्ची, आणि सव्वा. नंतर पावणेदोन. नंबर वाढला की आयांचे चेहरे पडतात, हे तिने रोज पाहिलेलं. तिचा पडला नाही. काळजी वाटली, पण त्या काळजीच्या तळाशी तिला बरं वाटलं होतं, हे खरं. पोरीला आपली गरज आहे, आणि ही गरज भागवणं आपल्याला नक्की येतं, असं.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली. मुलाचा डोळा चुकीच्या भिंगाशी जमवून घेतो, पण जमवून घेताना त्याला सतत जोर लावावा लागतो. दिवसभर जोर लावला की संध्याकाळी डोकं दुखतं. इस्त्रीवाल्याच्या दुकानात कुणाचा तरी काळा कोट हँगरवर लटकत होता आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. खारूचं डोकं दुखायचं बुधवारी, गुरुवारी. बाबाकडून आल्यावर रविवारी रात्री कधी दुखलं होतं? तिने आठवून पाहिलं. एकदाही नाही.

शेजारणीकडून खारूला घेऊन ती घरी न जाता सरळ दवाखान्यात गेली. मोठे डॉक्टर गेले होते, झाडूवाल्या मावशी ओट्यावर चहा पीत होत्या. "आज तपासायचं?" खारूने विचारलं, आणि तिचा चेहरा इतका खुलला की आईला बघवेना. खुर्ची, फ्रेम, अंधार. या वेळी तिने पेटीतल्या शेवटच्या खाचेतली दोन भिंगं घेतली. ती म्हणजे नुसत्या काचा असतात, सपाट, बिननंबरी. कुणी खोटं बोलतंय का हे बघायला ठेवलेल्या. काम टाळायला डोळे अधू असल्याचं सोंग करणारे, भरपाईसाठी तसंच सोंग करणारे, सगळे तिने या काचांवर पकडले होते. तक्ता लावला. एक काच घातली. "हे पहिलं." काढली, दुसरी घातली. "हे दुसरं. कुठलं बरं?" खारूने तक्त्याकडे पाहिलंच नाही. तिचे डोळे त्या गोल फ्रेमच्या आतून आईच्या चेहऱ्यावर फिरत होते. तक्त्याचा थोडा उजेड आईच्या तोंडावर पडत असणार. एवढ्या वर्षांत हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. "दुसरं," खारू म्हणाली. "नक्की?" "नाही नाही. पहिलं." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "बरोबर सांगितलं ना?"

तिने फ्रेम काढली. खारूच्या नाकावर तिचे दोन लाल वण उठले होते, ते अंगठ्याने चोळले. रागावायचं तिच्या मनात आलं आणि ते मनातच राहिलं, कारण कुणावर रागवायचं हेच कळेना. "बरोबर," ती म्हणाली. घरी जाताना मांजराचा कागद अजून खिडकीत होता. खारूने चष्म्यातून समोर बघितलं, वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खारूला डॉक्टरांच्या पुढ्यात बसवलं. थेंब घातले, बाहुल्या काळ्याभोर मोठ्या झाल्या, डॉक्टरांनी उजेड टाकून बघितलं, भिंगं लावून बघितलं, पुन्हा बघितलं. "नंबर नाही. काहीच नाही. हा चष्मा कुणी दिला?" "मी." डॉक्टरांनी उपकरण खाली ठेवलं. "घरच्यांचे डोळे तपासू नका म्हणून घसा कोरडा करतो मी इथे. भिंतींना सांगतो का?" खारू तिथेच होती म्हणून ते एवढ्यावरच थांबले. त्यांनी तिला गॉगल दिला, पाठीवर थाप मारली, आणि आईकडे न बघता पुढच्या माणसाला आत बोलावलं. बाहेर आल्यावर खारूने विचारलं, "आता चष्मा नाही?" "नाही." "कधीच?" "लागला तर बघू. आत्ता नाही." "बरं," खारू म्हणाली. पण चष्म्याची डबी तिने दप्तरात ठेवली, आणि ती ठेवताना डबीवरून हात फिरवला.

जेवणाच्या सुट्टीत तिने वकीलबाईंना फोन केला. अकरावा परिच्छेद मागे घ्यायचा, असं सांगितलं. पलीकडून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज ऐकू आला. "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? शपथेवर लिहिलंय ते." "म्हणूनच. ते खोटं आहे." "खोटं नाही. चुकीचं आहे. फरक असतो." मग वकीलबाईंचा आवाज खाली आला, आणि त्या पहिल्यांदाच वकिलासारखं न बोलता बोलल्या. "हे बघा, मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही. काढायचं तर रीतसर काढू. पण तो काढला तर आपल्या हातात काय उरलं, ते सांगा. दार? बिजागरी? समोरचा वकील झोपलेला नाही. आईने पोरीला वर्षभर नको तो चष्मा घालायला लावला, हे तो ओरडून सांगेल. मुलगी जाईल तुमची. कळतंय का?" कळत होतं. फोन ठेवल्यावर ती त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन खारूच्या खुर्चीत बसली. इथून तक्ता दिसतो, आणि तक्त्याच्या अलीकडे तपासणाऱ्या माणसाचं तोंड दिसतं, अर्धं उजेडात, अर्धं अंधारात. तोंड जास्त स्पष्ट दिसतं. साहेबांच्या खोलीत खारू जाईल तेव्हा साहेब असतील, समोर तक्ता नसेल, आणि ती काय सांगेल? आईचं तोंड आठवून सांगेल, आईकडे. हे जिंकणं किती सोपं होतं. काही करायचंच नव्हतं, फक्त तोंड लपवायचं नव्हतं. आणि खारू गेली तर घरात काय राहील, ते तिने मनात मोजून पाहिलं नाही, कारण ते तिला आधीच ठाऊक होतं: न्हाणीघरातली काच.

शनिवारी ती खारूला सोडायला गेली. एरवी ती कोपऱ्यावरूनच परत फिरायची. आज दारापर्यंत गेली. नवरा खाली फाटकाशी उभा होता, हाताला चुना लागलेला. खारूने गॉगल काढून त्याला मिठी मारली आणि वर पळाली. "थेंब घातलेस तिला?" त्याने विचारलं. "बाहुल्या अजून उतरल्या नाहीत." त्याला बारीकसारीक दिसतं, हे ती विसरली होती. "डॉक्टरांनी घातले. नंबर नाहीये तिला. कधीच नव्हता." तिला वाटलं होतं तो उसळेल, त्याला उसळायचा हक्क होता आणि ती तयार होऊन आली होती. तो फाटकाच्या गजावरचा चुना नखाने खरवडत राहिला. "माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?" "चष्मा लागल्यावरच्या पहिल्याच शनिवारी. समोरच्या गच्चीवर एकजण कबुतरं पाळतो. कुठल्या कबुतराच्या पायात कडं आहे आणि कुठल्या नाही, हे मला सांगत बसली होती, चष्मा टेबलावर ठेवून." "आणि तू गप्प बसलास? बिजागरीवर अर्धं पान लिहिलंस तू!" "बिजागरी खराबच आहे. दार मी जोरात लावत नाही, ते लागतं." सवयीने तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मग त्याने वर, आपल्या खिडकीकडे बघून घेतलं आणि आवाज उतरवला. "तिने शपथ घातली मला. आईला सांगू नकोस, माझ्या गळ्याची शपथ. का, विचारलं. तर म्हणाली, आईला कळलं तर ती मला त्या खोलीत नेणार नाही. तिथे आई फक्त माझ्याकडे बघते."

ती फाटक धरून उभी राहिली आणि रडू आलं ते येऊ दिलं. त्याच्यापुढे रडायचं नाही असं तिने वर्षभर पाळलं होतं. तो जवळ आला नाही, दूरही गेला नाही. "वकील म्हणाला, हे एवढंच लिहा," तो म्हणाला, "मुलगी सोंग करते, आणि आईला ते ओळखता येत नाही, जिचं कामच ते आहे. म्हणाला, जिंकलात. मी म्हटलं, ते राहू दे. पोरीला कोर्टात खोटारडी ठरवून घरी आणायचं, म्हणजे काय आणायचं?" "तिचं डोकं चष्म्यामुळे दुखत होतं," ती म्हणाली. हे त्याला माहीत नव्हतं. "चष्म्यामुळे?" "हो." "आणि तू लिहिलंस, माझ्यामुळे." "हो. ते मी मागे घेतेय. काल सांगितलं वकीलबाईंना." "तुझी बाजू लंगडी पडेल." "पडेल." बराच वेळ तो गज खरवडत राहिला. "मी ताबा सोडलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "हे सांगून ठेवतो." "मीही सोडलेला नाही." आणि दोघांनाही, नको त्या वेळी, जरासं हसू आलं. मीठ कुठल्या कप्प्यात ठेवायचं त्याची आठवण होती ती बहुधा.

जिन्यावर पावलं वाजली. खारू खाली आली होती, चष्म्याशिवाय, उजेडाने डोळे मिचकावत. दोघं अजून उभे आहेत आणि भांडत नाहीत, हे बघून ती शेवटच्या पायरीवरच थांबली. आईचे डोळे ओले आहेत, हे तिला दिसलं असणारच, तिला सगळंच दिसत होतं. तिने बाबाकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा बाबाकडे. "साहेब मला विचारणार आहेत ना," ती म्हणाली, "कुणाकडे राहायचं ते? मग काय सांगू?" आणि ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, त्या खुर्चीतून बघायची तशी, उत्तर तिथे लिहिलेलं असल्यासारखं. ते लिहिलेलं होतंच. आईला स्वतःलाच ते जाणवत होतं, गालांत, ओठांत, कपाळात, आणि ते पुसता येत नव्हतं. ती खाली वाकली. खारूच्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी तिने ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली, मान अगदी खाली घालून. "तुला जे दिसेल ते सांगायचं," ती बुटाकडे बघत म्हणाली. "माझ्याकडे बघून नाही. बाबाकडे बघूनही नाही. आणि दोन्ही सारखंच वाटलं, तर तसं सांगायचं." "असं चालतं?" "चालतं. मी सगळ्यांना सांगते तसं, रोज."

मग खारू म्हणाली, "मला कधीच नाही सांगितलंस."